योजना, प्रणाली आणि आल्फ्रेड स्लोन यांचा ग्रंथ

आल्फ्रेड स्लोन यांचा ‘माय यिअर्स विथ जनरल मोटर्स’ हा ग्रंथ १९६४ च्या आरंभी बाहेर पडला. हस्तलिखित त्यापूर्वी काही वर्षे सिद्ध होते. परंतु मक्तेदारीविरोधी खटल्यात त्याचा आधार घेतला जाईल या धास्तीने कंपनीच्या वकिलांनी ते अडवून धरले, आणि लेखनातील स्लोन यांचे सहकारी जॉन मॅकडोनल्ड यांनी कंपनीवर दावा लावला तेव्हा कोठे त्याची सुटका झाली. व्यवस्थापनशास्त्राचे विद्यार्थी या ग्रंथाचे नाव ऐकतात ते बहुधा एका सूत्राच्या संदर्भात : धोरण मध्यवर्ती असावे, अंमल विकेंद्रित असावा. सूत्र खोटे नव्हे. परंतु ग्रंथातील सर्वांत निर्जीव वस्तू तीच होय. मूळ प्रकरणे सावकाश वाचली असता निराळीच गोष्ट ध्यानात येते. स्लोन यांच्या ज्या योजनेचा गौरव होतो तिची भविष्याचा वेध घेण्याची शक्ती बेताचीच होती. तिचे सामर्थ्य होते ते झालेली चूक लवकर कळण्याच्या सोयीत, आणि ही सोय उद्योगाच्या सर्व अंगांना सारखी लाभली नव्हती.

प्रथम १९२० चे संकट पाहू. संस्थापक विल्यम ड्युरंट यांनी कंपन्यांमागून कंपन्या जोडल्या होत्या, पण त्यांना एकत्र बांधणारा हिशेब नव्हता. विभागप्रमुखांना मालसाठ्याची मर्यादा घालून दिली होती. ती कोणी पाळली नाही. ऑक्टोबरअखेर साठा २०.९ कोटी डॉलरवर गेला, म्हणजे मर्यादेच्या ५.९ कोटी पलीकडे. ड्युरंट गेले, पिएर द्यूपाँ अध्यक्ष झाले, आणि स्लोन यांनी आधीच लिहून ठेवलेली संघटनाविषयक टिपणी स्वीकारण्यात आली. तिच्यात दोन तत्त्वे आहेत. पहिले, प्रत्येक विभागप्रमुखाचा अधिकार कोणत्याही प्रकारे मर्यादित नसावा. दुसरे, काही मध्यवर्ती कार्ये अपरिहार्य आहेत. ही दोन्ही एकत्र नांदत नाहीत हे शाळकरी मुलालाही कळेल. चाळीस वर्षांनी ग्रंथ लिहिताना स्लोन हा विरोध लपवीत नाहीत, उलट मर्म त्यातच आहे असे सांगतात. पाठ्यपुस्तकांनी नेमका हाच कबुलीजबाब गाळला.

या विरोधाची किंमत काय पडते हे तांब्याच्या एंजिनाच्या प्रकरणात दिसते. आमच्या मते ग्रंथातील सर्वोत्कृष्ट प्रकरण हेच. चार्ल्स केटरिंग यांच्या डेटनच्या प्रयोगशाळेत पाण्याऐवजी हवेने थंड होणारे, तांब्याच्या पात्यांचे एंजिन तयार झाले. द्यूपाँ त्यावर इतके लुब्ध झाले की शेव्हरोलेची नवी गाडी त्यावरच बेतावी असे ठरले. विभागातील अभियंते नाखूष होते. प्रयोगशाळेच्या मते विभाग मुद्दाम दिरंगाई करीत होता. १९२३ मध्ये अशा ७५९ गाड्या तयार झाल्या, त्यांपैकी २३९ कारखान्यातच मोडीत काढल्या गेल्या, सुमारे १०० ग्राहकांच्या हाती पडल्या, आणि जूनमध्ये त्या सर्व परत बोलाविण्याचा निर्णय झाला. एंजिन वाईट होते की नव्हते, या वादात स्लोन फारसे शिरत नाहीत. ज्याने गाडी विकावयाची त्याच्या संमतीवाचून वरून यंत्र लादले, हा दोष ते संघटनेचा मानतात. त्याच वर्षी संशोधक व विभागीय अभियंते यांना एकत्र बसविणारी तांत्रिक समिती निघाली. समितीचा जन्म दूरदृष्टीतून झाला नाही, ७५९ गाड्यांच्या फजितीतून झाला.

किंमतश्रेणींच्या योजनेविषयी थोडक्यात सांगणे पुरे. १९२१ मध्ये संख्येने सुमारे ६० टक्के बाजार फोर्डकडे व अवघा ४ टक्के शेव्हरोलेकडे असताना, ४५० पासून ३,५०० डॉलरपर्यंत सहा पायऱ्या आखून प्रत्येकीवर एक गाडी उभी करण्याचे ठरले. ही खरी व्यूहरचना होती व ती फळली. परंतु ती टिकली कशाच्या बळावर?

उत्तर १९२४ मध्ये सापडते. त्या वर्षी विभागांचे विक्रीचे अंदाज फुगलेले होते. मे महिन्यात स्लोन स्वतः सेंट लुईस, कॅन्सस सिटी व लॉस एंजेलिस येथे गेले, तेव्हा विक्रेत्यांच्या आवारात न खपलेल्या गाड्यांच्या रांगा त्यांना दिसल्या. उत्पादन ताबडतोब कमी करण्याचा हुकूम त्यांनी सोडला. असा रोखठोक हुकूम त्यांनी विभागांना क्वचितच दिला होता. त्यानंतर दर दहा दिवसांनी विक्रेत्याने किती गाड्या खपल्या व किती उरल्या हे कळविण्याची पद्धत पक्की झाली. डोनाल्डसन ब्राऊन यांचे भांडवलावरील परताव्याचे गणित विद्वानांना अधिक प्रिय असते. परंतु साऱ्या इमारतीचा आधार हा साधा दहा दिवसांचा कागद होता. अंदाज चुकणारच, हे त्यात गृहीत धरलेले होते.

येथेच ग्रंथाची उणीव उघडी पडते. विक्रेत्याचे म्हणणे दर दहा दिवसांनी वर पोचत होते, कामगाराचे केव्हा पोचत होते? ३० डिसेंबर १९३६ रोजी फ्लिंट येथे बैठा संप सुरू झाला आणि ४४ दिवसांनी, ११ फेब्रुवारी १९३७ रोजी, कंपनीने कामगार संघाला मान्यता देऊन तो मिटविला. साठा मोजण्यात इतकी दक्ष असलेली प्रणाली हा असंतोष मोजू शकली नव्हती. स्लोन या घटनेवर फार रेंगाळत नाहीत. उत्पादनाची गती व शिस्त ठरविण्याचा अधिकार जाऊ नये, हीच त्यांची मुख्य चिंता. १९४८ च्या करारातील महागाईशी निगडित वेतनसूत्र मात्र ते मन लावून समजावितात. म्हणजे कामगार त्यांच्या विचारात येतो तो खर्चाचा आकडा म्हणून. कामाविषयी काही जाणणारा मनुष्य म्हणून तो ग्रंथात जवळजवळ नाहीच. स्लोन यांच्या काळी कोणाचीच दृष्टी तेथवर पोचली नव्हती, असे म्हणून त्यांचा बचाव करता येईल. तो अर्धाच मान्य होण्याजोगा आहे. कंपनीने १९८२ मध्ये बंद केलेला कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटचा कारखाना १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत पुन्हा सुरू झाला. बहुतेक कामगार जुनेच होते. मात्र दोष दिसताच दोरी ओढून काम थांबविण्याची मुभा आता त्यांना होती. दहा दिवसांच्या कागदाचे तत्त्वच येथे यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसापर्यंत आले, आणि त्याच कारखान्यातील मालाची प्रत पालटली. जून २००९ मध्ये जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला तोवर हा धडा तिच्या इतर कारखान्यांत पुरतेपणी उतरला नव्हता.

हा विषय आपल्याकडे केवळ परकीय नव्हे. १९२८ मध्ये याच कंपनीने मुंबईत शिवडी येथे मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला. देशातच उत्पादनाचा कार्यक्रम आखणाऱ्यांनाच वाव देण्याचे सरकारी धोरण ठरल्यावर तो १९५४ मध्ये बंद झाला. पुढे २००८ मध्ये तळेगावला तिचा दुसरा कारखाना उभा राहिला, डिसेंबर २०२० मध्ये त्यातील उत्पादन थांबले, हजाराहून अधिक कामगारांच्या भरपाईचा वाद न्यायालयात गेला, आणि कारखाना ह्युंदाईने घेतला. या दोन कारखान्यांचा अभ्यास स्लोन यांचा ग्रंथ शेजारी ठेवून एखाद्या विद्यार्थ्याने हाती घ्यावा. मुख्यालयाकडे कोणती माहिती किती दिवसांनी जात होती आणि कोणती जातच नव्हती, येथून त्याने आरंभ करावा.