पाच एकर म्हणजे किती? : कायदा आणि अर्थशास्त्र एकत्र शिकण्याविषयी

मला दिलेला विषय असा आहे की, बारावीनंतर पोरापोरींनी कायदा आणि अर्थशास्त्र एकत्र शिकावं का. समोर पालक बसले आहेत म्हणून उत्तर आधीच देतो. शिकावं. पण हे दोन विषय एकत्र आले की नेमकं काय घडतं, ते पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकावरून कळत नाही. म्हणून मी आज दोन मजकुरांची समीक्षा करणार आहे. दोन्ही एकाच लेखकाचे, एकाच प्रश्नावरचे. मधे नऊ वर्षांचं अंतर आहे, आणि त्या नऊ वर्षांत लेखक कायदा शिकून बॅरिस्टर झाला आहे.

लेखक म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. 1916 साली कोलंबिया विद्यापीठातून ते लंडनला आले आणि एकाच वेळी दोन ठिकाणी नाव घातलं : अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, कायद्यासाठी ग्रेज इन. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली, 1917 मध्ये परत यावं लागलं. दोन्ही शिक्षणं अर्धी राहिलेली. अशा अवस्थेत 1918 साली त्यांनी इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध लिहिला. विषय होता भारतातल्या लहान जमिनी आणि त्यावरचे उपाय. हा आपला पहिला मजकूर.

त्या काळी मुंबई प्रांताचे शेतकी संचालक होते कीटिंग. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की वाटण्या होऊन होऊन वावरांचे तुकडे झाले, म्हणून शेती परवडत नाही. तेव्हा ज्या जमिनीवर एक कुटुंब बऱ्यापैकी सुखानं जगेल ती 'किफायतशीर' धरावी, तिची तशी नोंद करावी आणि मग ती एकाच माणसाच्या नावे राहावी, वारसांनी तिची फाळणी करू नये. ऐकायला किती सरळ आहे बघा. आजही चावडीवर हेच बोललं जातं.

आंबेडकरांनी या सरळपणावरच बोट ठेवलं. ते म्हणतात, कुटुंब किती खातं यावरून शेत किफायतशीर ठरवणं हे खाणाऱ्याच्या बाजूनं केलेलं माप झालं. शेती हा उत्पादनाचा धंदा आहे, माप उत्पादनाच्या बाजूनं हवं. जमीन, भांडवल आणि श्रम यांचं एकमेकांशी प्रमाण जुळलं तर लहान शेत किफायतशीर, नाही जुळलं तर मोठंही तोट्याचं. जमीन एकटी ना लहान असते, ना मोठी.

मी तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे मला हा युक्तिवाद फार आवडतो. 'लहान' हा शब्द वस्तूचा गुण नसून नातं दाखवतो, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या महिन्यात सांगावं लागतं. पण तुम्हाला तर्कशास्त्राची गरज नाही. तुमच्याकडे पाच एकराचे दोन कास्तकार घ्या. एकाच्या वावरात विहीर आहे, बैलजोडी आहे, सोयाबीन निघालं की तो हरभरा पेरतो. दुसरा कापूस आणि तूर टाकून आभाळाकडे बघतो. सात-बाऱ्यावर दोघंही पाच एकर. आता सांगा, पाच एकर म्हणजे किती?

म्हणून निबंधाचा निष्कर्ष असा की रोग वारसा कायद्यात नाही. शेतीवर माणसं जास्त झाली आणि भांडवल कमी पडलं, रिकामे हात शेतीतच अडकून पडले. उपाय सुचवला आहे औद्योगिकीकरणाचा. हात कारखान्यात गेले की शेतावरचा भार हलका होईल.

निबंध उत्तम आहे, पण दोन ठिकाणी मी अडतो. पहिलं, उद्योग आले की रिकामे हात सामावले जातील हा भरवसा. नागपुरात एम्प्रेस मिल 1877 सालीच सुरू झाली होती, हिंगणघाटलाही गिरण्या निघाल्या. हात गेले, खरं आहे. पण गिरण्या बंद पडल्यावर ते हात कुठं परत आले, हे या सभेतल्या पुष्कळांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. दुसरी अडचण जास्त महत्त्वाची. या निबंधात जमीन आहे, भांडवल आहे, श्रम आहेत, पण मालक दिसत नाही. भूमिहीनही दिसत नाही. ज्या लेखकानं दोनच वर्षांपूर्वी कोलंबियात जातिसंस्थेवर निबंध वाचला होता, त्याच्या या निबंधात जमीन कुणाच्या हातात आहे हा प्रश्न बाजूलाच राहतो. शुद्ध अर्थशास्त्राची ही सवयच आहे. किती पिकलं ते ते विचारतं, कुणाचं पिकलं ते दुसऱ्या कुणीतरी विचारावं लागतं.

आता दुसरा मजकूर. 1920 मध्ये आंबेडकर पुन्हा लंडनला गेले, 1922 मध्ये बॅरिस्टर झाले, 1923 मध्ये अर्थशास्त्राची डी.एस्सी. मिळाली. परत येऊन मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली, आणि 1927 मध्ये मुंबई कायदेमंडळात सदस्य म्हणून बसले. त्याच वर्षी सरकारनं लहान जमीनधारकांविषयीचं विधेयक आणलं. म्हणजे कीटिंगचाच जुना विचार, आता कलमं घालून. 10 ऑक्टोबर 1927 ला आंबेडकर त्याविरुद्ध बोलले.

भाषणात 1918 चा युक्तिवाद आहेच : आकार आणि किफायत यांचा थेट संबंध नाही. पण आता त्यासोबत वेगळा प्रश्न येतो. हा कायदा झाल्यावर दुसऱ्या दिवशी कोण भूमिहीन होईल? चार भावांपैकी एकाकडे जमीन ठेवायची, तर उरलेले तिघे रस्त्यावर. शेत किफायतशीर झालं, पण तिघांची मालकी गेली. मग ते पर्याय मांडतात तो असा, की मालकी ज्याची त्याच्याकडे राहू द्या, आणि कसणं तेवढं एकत्र करा. सहकारी शेती करा, लागलं तर कायद्यानं सक्ती करा, पण कुणाचा हक्क मोडू नका.

या पर्यायाची बारकाई बघा. मालकी आणि कसवणूक या दोन गोष्टी सुट्या करता येतात, हे कायदा शिकलेल्या माणसाला चटकन सुचतं. एकत्र कसल्यानं प्रमाण जुळेल, हे अर्थशास्त्र शिकलेल्याला. दोन्ही एका वाक्यात यायला एकच डोकं लागलं. पुढं ते विधेयक सरकारनं सोडून दिलं.

माझा आक्षेप इथंही आहे. सक्तीनं एकत्र कसलेल्या शेतात हिशेब कोण लिहिणार? सहकारी संस्थेत काय होतं ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. ज्याचं वजन, त्याचा अध्यक्ष. भाषण त्या खोलात जात नाही.

आता आजच्या वर्गात येऊ. पाच वर्षांच्या बी.ए. एल.एल.बी.त साधारण असं असतं : सुरुवातीला अर्थशास्त्राचे पेपर, मागणी-पुरवठा, राष्ट्रीय उत्पन्न, मग करार कायदा, मालमत्ता हस्तांतरण, फौजदारी. वर्ध्याच्या एसटीत शेजारी बसलेल्या दोन अनोळखी माणसांसारखे हे विषय पाच वर्षं प्रवास करतात आणि न बोलता उतरतात. विद्यार्थ्याला विक्रीपत्राच्या अटी पाठ असतात. पण सावकारानं कर्जाला तारण म्हणून विक्रीपत्रच करून घेतलं, तर त्या कागदात व्याज कुठं लपलंय हे त्याला वाचता येत नाही. कागद खरेदीचा, व्यवहार कर्जाचा. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्यात अशी बळकावलेली जमीन परत मिळवण्याची तरतूद आहे, पण ती वापरायला वकिलाला आधी हिशेब मांडता यायला हवा.

हे काही आजचं नाही. 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्यानं न्यायाधीशाला कर्जरोख्याच्या मागं जाऊन मूळ रक्कम तपासायचा अधिकार दिला. त्या कायद्याखाली न्यायाधीश म्हणून काम केलं न्यायमूर्ती रानड्यांनी, ज्यांनी पुढं भारतीय अर्थशास्त्रावर निबंध लिहिले. आणि सावकारांनी काय केलं? गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतं लिहून घ्यायला लागले! कायदा एका दारात उभा राहिला की पैसा दुसऱ्या दारानं जातो. ते दुसरं दार आधी दिसावं, म्हणून तर अर्थशास्त्र शिकायचं.

अमेरिकेत या जोडविषयाची मोठी परंपरा आहे. रोनाल्ड कोझ यांचा 1960 चा लेख तिथं पायाभूत मानतात. त्यातलं उदाहरण आपल्या धुऱ्यावरचं आहे : एकाची जनावरं दुसऱ्याच्या पिकात शिरतात. आपण कोंडवाडा गाठतो. कोझ म्हणतात, बोलणी करायला काहीच खर्च येत नसेल, तर भरपाई कुणी कुणाला द्यायची असं कायद्यानं ठरवलं तरी शेवटी पीक तेवढंच निघेल. विद्यार्थी हे घोकतात आणि पुढचं विसरतात. बोलण्यांना खर्च येतो हे कोझनीच ठासून सांगितलंय. आणि पीक तेवढंच निघालं तरी पैसे कुणाच्या खिशातून गेले, हा प्रश्न उरतोच. गुराख्याच्या की कास्तकाराच्या?

शेवटी आपल्याकडचा तुकडेबंदी कायदा. मुंबई राज्याचा, 1947 चा. राज्यपुनर्रचनेनंतर तो आपल्याकडेही आला. 2023 मध्ये प्रमाणभूत क्षेत्र ठरलं : जिरायत 20 गुंठे, बागायत 10 गुंठे. अर्धा एकर जिरायत! कापूस घ्या नाहीतर तूर, अर्ध्या एकरात कोणतं कुटुंब जगतं? म्हणजे खाणाऱ्याचं मापही गेलं आणि उत्पादनाचंही. उरलं ते नोंदणी कार्यालयाचं माप. तुमच्या मुलीनं पाच वर्षांनी हा आकडा बघून 'हा कुठल्या हिशेबानं आला, आणि कुणासाठी?' असं विचारलं, तर फी वसूल झाली समजा.

दोन्ही मजकूर महाराष्ट्र शासनाच्या आंबेडकर ग्रंथमालेत आहेत, निबंध पहिल्या खंडात आणि भाषण दुसऱ्या. इंग्रजी आहे, पण अवघड नाही. निबंध आधी वाचा, भाषण नंतर. आता प्रश्न घेऊ. मागच्या बाकावर हात वर आहे, त्यांना माइक द्या.