प्रश्न दोनदा का विचारला?

अध्यापक विद्यालयात बालमानसशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला पियाजे यांच्या चार अवस्था पाठ असतात. त्यांतली पूर्वक्रियात्मक अवस्था साधारण दोन ते सात वर्षांची. या वयात मुलाला काय काय जमत नाही, याची यादीच आपण परीक्षेत लिहितो आणि पुढे नकळत वर्गातही तीच वापरतो. मार्गारेट डोनाल्डसन यांचे १९७८ सालचे ‘चिल्ड्रन्स माइंड्स’ हे छोटेखानी पुस्तक नेमके या यादीवरच बोट ठेवते. म्हणून जुने असूनही त्याबद्दल लिहावेसे वाटते.

पियाजे यांचा प्रसिद्ध प्रयोग आठवून पाहा. सारख्याच सोंगट्यांच्या दोन ओळी समोरासमोर मांडतात. ‘दोन्हीकडे सारख्याच आहेत ना?’ मूल हो म्हणते. मग मोठा माणूस एक ओळ पसरवून लांब करतो आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतो. आता चार-पाच वर्षांची बहुतेक मुले लांब ओळीत जास्त आहेत असे सांगतात. मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते हे त्यांना उमगलेले नाही, असा पियाजे यांचा निष्कर्ष.

जेम्स मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी ८० मुलांबरोबर हाच प्रयोग जरा फिरवून केला. ओळ विस्कटली ती एका खोडकर टेडी अस्वलाने. ‘सारख्याच’ म्हणणारी मुले कितीतरी वाढली! मोठा माणूस मुद्दाम काही हलवून तोच प्रश्न पुन्हा विचारतो, तेव्हा मूल सोंगट्यांपेक्षा त्याच्या मनात काय आहे हे शोधू लागते. सुसान रोझ आणि मॅरियन ब्लँक यांनी १९७४ मध्ये प्रश्न एकदाच, ओळ बदलल्यानंतर विचारला, तर सहा वर्षांच्या मुलांच्या चुका कमी झाल्या.

आपल्या वर्गात याहून वेगळे काय घडते? ‘सात आणि पाच किती?’ ‘बारा.’ ‘नक्की?’ की लगेच ‘तेरा’. ‘नक्की?’ हे आपण बहुधा उत्तर चुकल्यावरच विचारतो, हे मुलाने बरोबर टिपलेले असते.

मात्र सगळा भार अस्वलावर टाकणे आम्हाला पटत नाही. १९८६ मध्ये मूर आणि फ्राय यांनी अस्वलाला खरोखरच सोंगट्या वाढवायला-काढायला लावल्या. तो बदल मात्र मुलांच्या नजरेतून अधिक सुटला. म्हणजे खोडीच्या गमतीत काहींचे ओळीकडे लक्षच नसावे. पियाजे त्यामुळे पुरते खोटे ठरत नाहीत.

पुस्तकाचा उत्तरार्ध आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. दुर्दैवाने अस्वलाच्या गोष्टीपुढे तो मागे पडतो. ओळखीच्या प्रसंगात मूल चोख तर्क करते. शाळा मात्र प्रसंग काढून टाकून नुसत्या शब्दांवर आणि चिन्हांवर विचार करायला सांगते. हा विचार वयाबरोबर आपोआप येत नाही, तो शिकवावा लागतो, असे लेखिका बजावतात. वाचनाचे महत्त्व त्यांना इथेच दिसते: कागदावरचा शब्द जागेवर थांबतो, म्हणून त्याच्याकडे निरखून पाहता येते. बाजारात सुटे पैसे बिनचूक परत देणारी मुलगी फळ्यावरच्या वजाबाकीत अडखळते, आणि ‘मंद’ हा शेरा मात्र तिच्या नावापुढे लागतो.

हे शिकवायचे कसे, याबाबत पुस्तक हात आखडता घेते. त्यातले प्रयोग एका मुलाशी निवांतपणे केलेले आहेत. पन्नास मुलांच्या वर्गाची वाट आपल्यालाच शोधावी लागेल. सुरुवात म्हणून महिनाभर बरोबर उत्तरालाही ‘नक्की?’ विचारावे, किती मुले उत्तर बदलतात ते रोज वहीत लिहावे, आणि पहिल्या आठवड्याचा आकडा चौथ्या आठवड्याशी ताडून पाहावा.