युवा उपसंस्कृतीची संकल्पना आणि मराठी वास्तव : एक समीक्षा

प्रस्तावना :
समाजशास्त्राच्या वर्गात युवा संस्कृती हा घटक शिकविताना टेडी बॉईज, मॉड्स, स्किनहेड्स, पंक ही ब्रिटिश उदाहरणे ठरलेली असतात. आपल्याकडील उदाहरण म्हणून वेशभूषा, केशरचना, डी.जे. यांचा उल्लेख होतो आणि 'पाश्चात्त्य अनुकरण' असा शेरा मारून घटक पूर्ण केला जातो. संकल्पना न तपासता स्वीकारल्याचा हा परिणाम आहे. प्रस्तुत लेखात उपसंस्कृतीची संकल्पना दलित पँथरच्या संदर्भात तपासावयाची आहे.

संकल्पनेची मांडणी :
अल्बर्ट कोहेन यांनी 'डेलिन्क्वंट बॉईज' (1955) या ग्रंथात असे मांडले की, शाळेच्या मध्यमवर्गीय निकषांवर कमी ठरणारी कामगारवर्गीय मुले एकत्र येऊन प्रतिष्ठेचे स्वतःचे निकष तयार करतात. 1964 मध्ये स्थापन झालेल्या बर्मिंगहॅम येथील समकालीन सांस्कृतिक अभ्यास केंद्राने हा विचार गुन्हेगारीच्या चौकटीबाहेर नेला. स्टुअर्ट हॉल व टोनी जेफरसन संपादित 'रेझिस्टन्स थ्रू रिच्युअल्स' (1976) आणि डिक हेब्डिज यांचे 'सबकल्चर : द मीनिंग ऑफ स्टाइल' (1979) यांनुसार युवकांची शैली हा वर्चस्वाला केलेला प्रतीकात्मक प्रतिकार असतो, मात्र त्यातून वर्गीय प्रश्न प्रत्यक्षात सुटत नाही. या मांडणीत तीन गृहीतके आढळतात : युवकांच्या असंतोषाचे मूळ वर्गात असते, त्यांचे माध्यम फावल्या वेळातील उपभोग असते आणि त्यांचा प्रतिकार प्रतीकाच्या पातळीवर थांबतो.

दलित पँथर : गृहीतकांची कसोटी
1972 मध्ये मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार हे तिचे प्रवर्तक तरुण लेखक-कवी होते. नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून (1966) घेतलेले असले, तरी तिला केवळ अनुकरण म्हणता येत नाही. पंक युवकांनी जे वेशभूषेतून साधले, ते येथे भाषेतून आणि लघुनियतकालिकांच्या परंपरेतून साधले गेले. 'गोलपिठा'ने (1972) मुंबईच्या वेश्यावस्तीतील भाषा मराठी कवितेत आणली. 'साधना'च्या 15 ऑगस्ट 1972 च्या अंकात राजा ढाले यांनी राष्ट्रध्वजाच्या अपमानाची शिक्षा आणि दलित स्त्रीच्या विटंबनेची शिक्षा यांची तुलना केली. त्यानंतर चर्चा झाली ती प्रामुख्याने लेखाच्या भाषेची. अत्याचाराचा प्रश्न मागे पडला. स्टॅन्ले कोहेन यांनी 1972 मध्येच 'नैतिक भयगंडा'ची जी प्रक्रिया मांडली, तिचे हे मराठी उदाहरण होय. मात्र पँथर प्रतीकापाशी थांबली नाही. जानेवारी 1974 मधील वरळीच्या दंगलीत तिच्या कार्यकर्त्यांनी त्याची किंमतही मोजली.

वर्ग की जात, हा प्रश्न पँथरच्या 1974 च्या फुटीत उघडपणे समोर आला. ढसाळ मार्क्सवादाकडे व ढाले बौद्ध विचाराकडे झुकलेले होते. वास्तविक या प्रश्नाची मांडणी आपल्याच नांदगाव तालुक्यात आधी झाली होती. मनमाड येथे फेब्रुवारी 1938 मध्ये भरलेल्या जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. बर्मिंगहॅमच्या मांडणीत यांपैकी एकाचेच पुरेसे भान आहे.

स्त्रियांची अनुपस्थिती :
बर्मिंगहॅम परंपरेतील एक आक्षेप मात्र येथे पूर्णतः लागू पडतो. अँजेला मॅकरॉबी व जेनी गार्बर यांनी 1976 मध्येच उपसंस्कृतीच्या अभ्यासात मुली दिसत नाहीत, हे दाखवून दिले होते. पँथरच्या 1973 च्या जाहीरनाम्याने 'दलित' या संज्ञेत स्त्रियांचा समावेश केला. नेतृत्व मात्र पुरुषांकडेच राहिले. मल्लिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' (1984) हे आत्मकथन बंडखोर पुरुषाच्या घरातील स्त्रीचा अनुभव सांगते. पँथरविषयीचे कोणतेही मूल्यमापन या आत्मकथनाला वगळून पूर्ण होऊ शकत नाही.

समारोप :
मे 2015 मध्ये शिर्डी येथे मोबाइलच्या रिंगटोनमधील आंबेडकरी गीतावरून झालेल्या वादानंतर एका दलित तरुणाची हत्या झाली. हेब्डिज यांच्या मते सामान्य वस्तूंना उपसंस्कृतीत नवा अर्थ प्राप्त होतो. आपल्या समाजात तो अर्थ कोणत्या जातीच्या युवकाने व्यक्त केला, यावर त्याचे परिणाम ठरतात. एकाची रिंगटोन हौस ठरते, दुसऱ्याची आगळीक.

म्हणून उपसंस्कृतीची संकल्पना टाकून देण्याची गरज नाही. तिच्यात जात व लिंगभाव यांना मध्यवर्ती स्थान देण्याची गरज आहे. महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याच्या गाडीवरील झेंडा, मोबाइलमधील गाणे, बोलण्यातील हेल यांकडे शिस्तीचा प्रश्न म्हणून पाहणे सोपे असते. अध्यापकांनी त्यापूर्वी एवढे विचारावयास हवे की, ही खूण मिरविण्याची मुभा वर्गातील प्रत्येकाला सारखीच आहे काय, आणि मुलींना ती कितपत आहे? या प्रश्नाचे उत्तर आयत्या पाश्चात्त्य उदाहरणांत मिळणार नाही. ते आपल्या वर्गातच शोधावे लागेल.