साथीचा सिनेमा आणि नाक्यावरची सत्ता

अनुभव सिन्हांच्या 'भीड'मधला (2023) बलराम त्रिवेदी शहरात वॉचमनचं काम करणारा माणूस. टाळेबंदी लागल्यावर बिऱ्हाड घेऊन बसने गावाकडे निघालेला. तेजपूर नावाच्या काल्पनिक हद्दीवर पोलिसांनी बस अडवली आहे. पोरं उपाशी आहेत. दुसऱ्या बसमधले मुसलमान प्रवासी आपल्याजवळचं खाणं देऊ करतात आणि त्रिवेदी ते कुणाला घेऊ देत नाही. पंकज कपूर यांनी या माणसाचा खलनायक होऊ दिलेला नाही. त्याची भूकही खरी वाटते आणि सोवळंही. थोड्या वेळाने हाच त्रिवेदी बंद मॉलमधलं अन्न मिळवण्यासाठी बंदुकीपर्यंत पोचतो. ज्याच्या हातून घास घेतला नाही, त्याच्या आणि आपल्या पोटात एकच आग आहे, हे त्याला शेवटपर्यंत नीट कळत नाही.

नाक्यावरचा अधिकारी आहे सूर्यकुमार. तो दलित आहे आणि आडनावाच्या आडोशाने नोकरीत वावरतो. राजकुमार रावने त्याच्या अंगावरची वर्दी किंचित सैल असल्यासारखी वागवली आहे. कायद्याने तो त्रिवेदीला अडवू शकतो. पण त्रिवेदी त्याच्याशी ज्या सुरात बोलतो त्या सुरापुढे वर्दीचं बळ कमी पडतं, आणि हे दोघांनाही ठाऊक आहे. करोनाकाळावरच्या भारतीय चित्रपटांत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे दृश्य. सरकार विरुद्ध जनता ही सोपी मांडणी त्यात मोडते. अडवणारा आणि अडलेला यांच्यात नेमका कोण वरचढ, हे क्षणाक्षणाला बदलत राहतं.

साथीवरचे बहुतेक सिनेमे इथपर्यंत पोचत नाहीत. सत्ता म्हटली की त्यांना राजधानीतली बैठक, लाल फोन आणि लष्करी गाड्या दिसतात. 1995चा 'आउटब्रेक' घ्या. एका गावावर बॉम्ब टाकून रोगासकट माणसं संपवायला निघालेला जनरल आणि त्याला रोखणारा डॉक्टर, यापलीकडे त्यात काही उरत नाही. तो बघताना श्वास रोखला जातो, पण गावातल्या माणसांचं एकमेकांशी काय झालं हे कळत नाही.

किम सुंग-सू यांचा कोरियन चित्रपट 'फ्लू' (2013) वरवर त्याच जातीचा वाटतो, पण तो जास्त जाणता आहे. सोल शहराला लागून असलेल्या बुंदांगमध्ये बर्ड फ्लूचा नवा विषाणू शिरतो तो एका कंटेनरमधून. आत चोरून आणलेले परदेशी मजूर आहेत. कंटेनर उघडतो तेव्हा एकजण सोडून सगळे मेलेले. ही सुरुवात महत्त्वाची आहे. रोग शहरात येतो तो स्वस्त श्रमाच्या बाजारातून, आणि ज्याच्या रक्तात रोगाचा उतारा आहे तो त्याच कंटेनरमधून जिवंत निघालेला, कागदपत्रं नसलेला मजूर. शहर बंद करायचं की नाही यावर तज्ज्ञ आणि राजकारणी भांडतात, मग एकदम सगळं बंद होतं आणि लोकांना छावणीत कोंडलं जातं. स्टेडियममध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली माणसं यंत्राच्या पंजाने उचलून आगीत टाकली जातात. त्यातली काही अजून जिवंत असतात. हे दृश्य अतिरंजित आहे, पण त्याचा उगम खऱ्या भीतीत आहे. एकदा माणूस 'संक्रमित' या खात्यात गेला की त्याचं नाव पुसलं जातं.

'फ्लू'चा उत्तरार्ध मात्र वरच्या मजल्यावरच्या सत्तासंघर्षात अडकतो. जमाव नाक्याकडे येतो, अमेरिकन अधिकारी विमानं पाठवतो, आणि कोरियन राष्ट्राध्यक्ष त्या विमानांवरच क्षेपणास्त्रं रोखायला सांगतात. कोरियन प्रेक्षकाला यातली सल समजते, कारण युद्ध झालं तर दक्षिण कोरियाच्या सैन्याची सूत्रं अमेरिकन जनरलच्या हाताखालच्या संयुक्त कमांडकडे जातात, ही तिथली खरीखुरी व्यवस्था आहे. म्हणजे साथीच्या निमित्ताने चित्रपट सार्वभौमत्वाचा प्रश्न विचारतो. प्रश्न योग्यच, पण त्या गडबडीत कंटेनरमधले मजूर विसरले जातात. राष्ट्राभिमान जागा झाला की सर्वांत खालच्या माणसाची गोष्ट मागे पडते. हे कोरियापुरतं नाही, आपल्याकडेही तेच घडत आलं आहे. त्याकडे पुढे येतो.

स्टीव्हन सोडरबर्गचा 'कन्टेजन' (2011) करोनाच्या दिवसांत जगभर पुन्हा पाहिला गेला तो त्यातल्या विज्ञानामुळे. मला तो लक्षात राहतो एका सफाई कामगारामुळे. रोगनियंत्रण केंद्राचे डॉ. चीव्हर शिकागोतल्या आपल्या होणाऱ्या बायकोला फोन करून शहर सोडायला सांगतात. सर्वसामान्यांना ही बातमी अजून दिलेली नाही. खोलीत झाडलोट करणारा रॉजर ते ऐकतो. त्यालाही घर आहे, मूल आहे. तो ओरडत नाही, तक्रार करत नाही, पण साथीत माहिती हीच पहिली लस असते आणि ती कुणाला आधी मिळते, हे त्या दोन-तीन मिनिटांत लख्ख दिसतं. पुढे लस निघते, जन्मतारखांची सोडत काढून वाटली जाते, आणि चीव्हर आपल्या वाट्याची लस रॉजरच्या मुलाला देतात. दिग्दर्शक हे प्रायश्चित्त म्हणून दाखवतो. मला ते पुरेसं वाटत नाही. एका सज्जन माणसाने आपला वाटा सोडला म्हणून रांग न्याय्य होत नाही. त्यापेक्षा त्याच चित्रपटातला चीनमधल्या खेड्याचा धागा जास्त बोचरा आहे. गावकरी जागतिक आरोग्य संघटनेच्या डॉक्टरला ओलीस ठेवतात, का, तर लसीच्या रांगेत आपलं गाव शेवटी असणार हे त्यांना पक्कं माहीत आहे. खंडणी म्हणून त्यांना लस मिळते. ती खोटी असते.

डॉक्टर आणि सत्ता यांची झटापट पाहायची तर स्टीव्ह गुकास यांचा नायजेरियन चित्रपट '93 डेज' (2016) पाहावा. 20 जुलै 2014ला लायबेरियाहून आलेला एक अधिकारी लागोसमधल्या खासगी रुग्णालयात दाखल झाला. त्याला सोडा म्हणून राजनैतिक दबाव आला. डॉ. अमेयो अडाडेवो यांनी त्याला सोडलं नाही. रुग्णाला इबोला होता. दाट वस्तीच्या त्या महानगरात तो बाहेर पडला असता तर काय झालं असतं, याची कल्पना करवत नाही. नायजेरियात त्या साथीचे बळी आठवर थांबले, आणि त्यांत डॉ. अडाडेवो होत्या. चित्रपट साधा आहे, काही ठिकाणी शाळेत दाखवावा इतका सरळ. पण एका बाईचा नकार हा मोठा राजकीय निर्णय असतो, हे तो ठामपणे सांगतो.

आपल्याकडे सत्तेकडे इतक्या जवळून पाहणारा चित्रपट करोनाच्या आधीच येऊन गेला होता. 2018मध्ये कोळिकोड परिसरात निपाह विषाणू पसरला, आणि वर्षभरात आशिक अबू यांनी त्यावर 'वायरस' (2019) हा मल्याळम चित्रपट केला. मंत्री, कलेक्टर, डॉक्टर, परिचारिका, स्मशानातले कर्मचारी, तात्पुरत्या नेमणुकीवरचा अटेंडंट अशा पंचवीसेक माणसांतून तो फिरतो. जोजू जॉर्जने केलेला अटेंडंट बाबू बघा. ज्याची नोकरी उद्या राहील की नाही याची खात्री नाही, त्यालाच सर्वांत धोकादायक खाटेजवळ उभं केलं जातं. चित्रपटाचा दुसरा मोठा धागा पहिल्या रुग्णाचा आहे. तो मुसलमान तरुण आहे, आणि हा जैविक हल्ल्याचा कट तर नाही ना, असा संशय वरून येतो. त्या तरुणाला विषाणू कुठे मिळाला हे शोधणं म्हणजे एका मेलेल्या माणसाची अब्रू परत मिळवणं ठरतं. 'वायरस' 2019चा आहे हे पुन्हा सांगतो. पुढच्याच वर्षी देशभर साथीला धर्म चिकटवला गेला, तेव्हा तो किती दूरचं बघत होता हे कळलं.

आता पुण्याकडे. जयू आणि नचिकेत पटवर्धन यांचा '22 जून 1897' (1979) आपण चापेकरांवरचा, क्रांतिकारकांवरचा चित्रपट म्हणून ओळखतो. तो मराठीतला साथीवरचा सर्वांत महत्त्वाचा चित्रपटही आहे. प्लेगच्या बंदोबस्तासाठी इंग्रज अधिकारी रँडच्या समितीने गोरे सोजीर घराघरांत घातले. देवघर, माजघर, बायकांची खोली, कुठलाही उंबरठा शिल्लक राहिला नाही. पटवर्धन दांपत्य वास्तुविशारद, त्यामुळे वाड्यात परका माणूस शिरला की नेमकं काय मोडतं, हे त्यांना संवादांआधी जागेतून सांगता येतं. विशेष म्हणजे चापेकर बंधूंना ते देवत्व देत नाहीत. दामोदरपंतांचा राग इंग्रजांवर होता तसा सुधारकांवरही होता, हे लपवलेलं नाही. आजच्या चरित्रपटांनी इतकी हिंमत दाखवावी.

पण त्याच साली, त्याच शहराच्या वेशीवर, दुसरी गोष्ट घडली होती. 10 मार्च 1897ला सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आपल्या दत्तक मुलाच्या, यशवंतरावांच्या, दवाखान्यात आणलं आणि त्यातच त्यांना लागण झाली. रँडवर गोळी झाडली गेली त्याला तेव्हा साडेतीन महिने अवकाश होता. रँडच्या सोजिरांनी ज्यांच्या घरात पाऊल टाकलं त्यांचा अपमान खरा होता. पण ज्यांच्या वस्तीत एरवी कुणीच पाऊल टाकत नसे, ज्यांच्या आजारी लेकराला हात लावायला वैद्य तयार नसे, त्यांच्यासाठी त्या प्लेगमधली सत्ता कुठल्या गणवेशात होती? हा प्रश्न मराठी पडद्याने अजून पुरता विचारलेला नाही. फुले दांपत्यावर अलीकडे चित्रपट आले. त्यांत प्लेग येतो तो एका थोर आयुष्याचा शेवट म्हणून. स्वतंत्र विषय म्हणून त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

आणखी एक पदर तर पूर्ण कोरा आहे. पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या इस्पितळातल्या कारभारावर, तिथे बायकांच्या होणाऱ्या हालांवर वर्तमानपत्रातून उघड तक्रार केली. गव्हर्नरांनी ती धुडकावली. त्याच सुमारास गोपाळ कृष्ण गोखले यांनी विलायतेत सोजिरांवर स्त्रियांवरील अत्याचाराचा आरोप केला आणि मायदेशी परतल्यावर, पुरावा द्यायला कुणी पुढे येईना म्हणून, त्यांना जाहीर माफी मागावी लागली. कुणाची साक्ष ग्राह्य धरायची, बाईने बोलायचं तर कुणासमोर, घराण्याची अब्रू मोठी की तिचं म्हणणं? सत्तेचा याहून खोल संघर्ष साथीच्या इतिहासात क्वचित सापडेल. तेंडुलकरांच्या तोलाचा लेखक असता तर यावर पूर्ण चित्रपट उभा राहिला असता.

4 फेब्रुवारी 1897ला झालेला साथरोग कायदा मार्च 2020मध्ये महाराष्ट्राने पुन्हा लागू केला. कायदा सव्वाशे वर्षं टिकला, पण त्याच्या दोन टोकांना जोडणारी गोष्ट आपण सांगितली नाही. 8 मे 2020ला पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली सोळा मजूर गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातून निघून भुसावळकडे चाललेले, रुळावरच झोपलेले. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचं ते छायाचित्र आपण सगळ्यांनी पाहिलं. 'भीड'ची सुरुवात त्याच घटनेच्या आठवणीने होते. मराठी मातीत झालेले ते मृत्यू पडद्यावर आले ते हिंदीतून.

'भीड'मध्ये दोष आहेत. प्रत्येक पात्र एकेका गटाचं प्रतिनिधी होऊन उभं राहतं, आणि टीव्हीची वार्ताहर आपल्याला आधीच दिसलेलं पुन्हा शब्दांत सांगते. कृष्णधवल चित्रणामुळे तेव्हा अवघ्या तीन वर्षांपूर्वीची असलेली घटना विनाकारण जुनी, दूरची वाटते. शिवाय त्याला सुखाने प्रदर्शितही होता आलं नाही. पहिला ट्रेलर यूट्यूबवरून गेला, आणि नव्या ट्रेलरमधून पंतप्रधानांच्या भाषणाचा आवाज आणि फाळणीशी केलेली तुलना गायब झाली. मधुर भांडारकर यांच्या 'इंडिया लॉकडाऊन'मध्ये (2022) कामाठीपुऱ्यापासून पायी निघालेल्या मजुरांपर्यंत सगळं आहे, पण तो प्रत्येक दुःखाला भेट देऊन पुढे निघतो. विनोद कापरींचा माहितीपट '1232 केएमएस' (2021) जास्त टिकेल. गाझियाबादहून बिहारमधल्या सहरसाला सायकलींवर निघालेल्या सात मजुरांसोबत कॅमेरा चालत राहतो, आणि दर नाक्यावर कोण दांडका उगारतो, कोण पाणी देतो, हे जसं घडलं तसं दिसतं.

मराठी दिग्दर्शकांना माझं सांगणं आहे की विषयासाठी दूर जायला नको. 2020च्या उन्हाळ्यात गावोगावी रस्त्यावर झाडं आडवी टाकून मुंबई-पुण्याहून आलेल्या आपल्याच माणसांना वेशीवर थांबवलं गेलं. त्यांना जिल्हा परिषदेच्या शाळांत ठेवलं. कोकणात गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांनी किती दिवस वेगळं राहायचं, यावरून भाऊबंदकीला तोंड फुटलं. ऊसतोड कामगार कारखान्यांच्या फडांवर अडकून पडले. आशाताई तुटपुंज्या मोबदल्यावर दारोदार फिरल्या आणि मग त्याच मोबदल्यासाठी संपावर गेल्या. सरपंच, पोलीस पाटील, आशाताई, परत आलेला मुलगा आणि दारातच थांब म्हणणारी त्याची आई, एवढी पात्रं एका गावात आहेत. ती माणसं अजून हयात आहेत आणि त्यांच्या आठवणी अजून ताज्या आहेत. त्यांच्याकडे जा, त्यांच्याशी बोला, आणि तो चित्रपट आता करा.