अभ्यासात्मक व्यक्तिचित्र : झेरीकोची मनोरुग्णचित्रे

समोरच्या व्यक्तीचे प्रत्यक्ष निरीक्षण करून, मुख्यतः चेहऱ्याच्या अभ्यासासाठी काढलेले चित्र म्हणजे अभ्यासात्मक व्यक्तिचित्र. औपचारिक व्यक्तिचित्रात प्रतिष्ठा, पोशाख व अधिकारचिन्हे यांना महत्त्व असते. अभ्यासचित्रात ही बंधने नसल्याने भावस्थितीचे सूक्ष्म दर्शन घडू शकते. फ्रेंच स्वच्छंदतावादी चित्रकार तेओदॉर झेरीको (१७९१–१८२४) याची मनोरुग्णांची तैलचित्रे (सु. १८१९–२२) ही या प्रकाराची श्रेष्ठ उदाहरणे होत.

ही चित्रे पॅरिसमधील मनोविकारवैद्य एत्येन-झां जॉर्जे याच्यासाठी काढली गेली, असे परंपरेने मानले जाते. १८६३ मध्ये ल्वी व्हियार्दो याला त्यांपैकी पाच चित्रे बाडेन-बाडेन येथे आढळली. मूळ संख्या दहा असल्याचे त्याने नमूद केले. ही पाच चित्रे ल्योन, पॅरिस (लूव्हर), गेंट, व्हिंटरटूर व स्प्रिंगफील्ड (अमेरिका) येथील संग्रहांत आहेत.

सतराव्या शतकात शार्ल ल ब्रं याने प्रत्येक विकारासाठी भुवया व ओठ यांच्या ठराविक हालचाली सांगणारी पद्धती मांडली होती. झेरीकोने ती नाकारली. ल्योन येथील चित्रातील वृद्धा ओरडत नाही की हातवारे करीत नाही. लालसर कडांचे डोळे, आवळलेले ओठ आणि बाजूला वळलेली नजर एवढ्यांतूनच तिची अस्वस्थता व्यक्त होते. गडद पार्श्वभूमी आणि सैल हाताने रंगविलेली पांढरी टोपी यांमुळे सारे लक्ष चेहऱ्यावर स्थिरावते.

व्यक्तिचित्रातील व्यक्ती बहुधा प्रेक्षकाकडे पाहते व त्याच्या दृष्टीला उत्तर देते. येथे ते घडत नाही. प्रेक्षक पाहत राहतो. रुग्णाला मात्र स्वतःला सावरून बसण्याची संधी नसते. त्याची असहायता या विषमतेतून जाणवते. स्वतःला सेनाधिकारी समजणाऱ्या रुग्णाच्या गळ्यात दोरीने अडकविलेला बिल्ला अधिकारचिन्हाची जागा घेतो. त्यामुळे करुणा अधिकच गडद होते. तथापि सभ्य नागरिकाच्या चित्राला शोभणारी अर्धाकृती मांडणी व गंभीर रंगसंगती झेरीकोने या उपेक्षितांनाही दिली. त्यामुळे चित्रांत कुतूहल वा उपहास शिरत नाही.

मत्सर, जुगार, चोरी, बालकांचे अपहरण व सेनाधिकाराचा भ्रम अशा उन्मादांच्या नावांनी ही चित्रे ओळखली जातात. ही शीर्षके प्रेक्षकाची दृष्टी आधीच बांधून टाकतात. शीर्षक बाजूला ठेवल्यास वृद्धेच्या मुद्रेत मत्सर निश्चितपणे वाचता येत नाही. दिसतात ते थकवा, संशय आणि भय. ज्यांची ही चित्रे आहेत त्यांची नावे अज्ञात आहेत. मागे उरले ते केवळ निदान. मात्र चित्रांतील चेहरे त्या निदानात पुरते सामावत नाहीत. रोगाचा नमुना म्हणून पाहिली जाणारी व्यक्ती चित्रात माणूस म्हणूनच उरते, हे या चित्रांचे मोठे यश होय.