वायमारचा कारभारी आणि ग्रेटखेन

‘शाकुंतल’ डोक्यावर घेऊन नाचलेला जर्मन कवी म्हणून गटे आपल्याला शाळेपासून ठाऊक. नाचल्याची गोष्ट आख्यायिकेची. फोर्स्टरचे १७९१ चे जर्मन भाषांतर वाचून त्याने स्तुतिपर चार ओळी लिहिल्या, एवढे खरे. परंतु हा कवी एका लहानशा संस्थानाचा कारभारीही होता, हे आपल्याकडील चरित्रलेख एका वाक्यात उरकतात.

साक्स-वायमार-आयझेनाख हे ते संस्थान. वस्ती सुमारे एक लाख. ड्यूक कार्ल आउगुस्ट अज्ञान असता त्याची आई आना अमालिया हिने १७५९ ते १७७५ राज्य सांभाळले. मुलाच्या हाती कारभार आला आणि गटे वायमारला आला. १७७६ पासून तो मंत्री; खाणी, रस्ते, फौज यांची जबाबदारी त्याच्याकडे.

१७८३ साली योहाना ह्योन नावाच्या अविवाहित मोलकरणीने आपले नवजात मूल मारले. अशा गुन्ह्यास देहदंड असावा का, असा प्रश्न खुद्द ड्यूकने मंत्र्यांना विचारला. त्याचा स्वतःचा कल अन्य शिक्षेकडे होता. दोघा मंत्र्यांनी देहदंड राखावा असे लिहिले. गटेने ४ नोव्हेंबरला एका वाक्यात त्यांच्याशी सहमती नोंदवली. २८ नोव्हेंबरला तिचा शिरच्छेद झाला.

‘फाउस्ट’मधील ग्रेटखेनचा गुन्हा हाच, आणि तिचा तुरुंगातील प्रवेश गटेने वायमारला येण्यापूर्वीच लिहिला होता! कोणी याला ढोंग म्हणतात, कोणी काळाचा दोष. मला दोन्ही पटत नाही. वरिष्ठांच्या टिपणाखाली ‘सहमत’ लिहून सही करण्यात माझी उमेद गेली. त्या वेळी माणूस निर्दय नसतो, फक्त समोरचा कागद पाहत असतो. तरीही येथे राजा मार्ग शोधत होता आणि कवी आड आला, हे विसरता येत नाही.

मूळ संहितेत ग्रेटखेन दोषी ठरते आणि नाटक संपते. १८०८ च्या छापील पहिल्या भागात मात्र ती तरल्याचे सांगणारा आवाज वरून येतो. समीक्षक त्याला नाट्यरचनेची गरज मानतात. मला तो आवाज जुन्या सहीला दिलेले उत्तर वाटतो. अर्थात हे माझे अनुमान. मूळ संहितेची नक्कल आना अमालियाच्या दरबारातील लुइझे फोन ग्योखहाउझेन हिने करून ठेवली होती. १८८७ साली ती तिच्या नातलगाकडे सापडली, म्हणूनच हा फरक आज दाखवता येतो.