चित्रांचा क्रम आणि चिऊचे बाळ

पहिली-दुसरीच्या सराववह्यांत चिऊ-काऊची चित्रे क्रमाने लावायला देतात. एक चित्र हलले की फुली. हे मला पटत नाही. पाऊस आला म्हणून काऊचे शेणाचे घर वाहून गेले. ही चित्रे उलटली तर कारणच हरवते. पण चिऊने बाळाला आधी काजळ लावले की टोपडे घातले, याने काय बिघडते? (माझी आजी हा क्रम रोज बदलत असे.) ज्याँ पियाजे यांच्या १९४६ सालच्या, मुलांच्या कालकल्पनेवरील पुस्तकात एक प्रयोग आहे. वरच्या भांड्यातून खालच्या भांड्यात पाणी उतरते. त्याची पिसलेली चित्रे मुलांनी लावायची. तिथे क्रम एकच, कारण पाणी आपणहून वर चढत नाही. सराववहीत मात्र पावसाची चूक आणि टोपड्याची चूक सारखीच मोजली जाते. काजळ आंघोळीच्या आधी ठेवणाऱ्या मुलाला फुली न देता विचारा, "मग काजळाचे काय झाले असेल?"